चंबूतलं पाणी

मारसली मॅकफीचं नाक स्कॉटलंडमधल्या आयला बेटावर अर्ध्या लोकांना ठाऊक होतं. तिची हयात शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. दुधाचा कॅन उघडला की ती नुसती वाकायची आणि सांगायची, हे उद्यापर्यंत टिकायचं नाही, आजच तांदळाची खीर करून टाका. पोरं रांगेत उभी राहिली की त्यांच्या कोटांच्या वासावरून तिला कळायचं, कुणाकडे काल मासे होते आणि कुणाकडे मटण. कुणाच्या घरी चूलच पेटली नव्हती, तेही कळायचं. त्या पोराच्या ताटात ती काही न बोलता एक डाव जास्त वाढायची.

नोकरी संपली आणि पाठोपाठ नवरा अँगस गेला. त्यानंतर या नाकाला काम उरलं ते गुरुवारचं. गुरुवारी संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात चौघं जमायची: ती, पोस्टमन लाखी, लोकरीच्या गिरणीत विणकाम केलेली इना, आणि फेरीबोटीवर दोर टाकण्यात जन्म घालवलेला टॉर्किल. व्हिस्कीची बाटली दर वेळी इनाने विणलेल्या मोज्यात गुंडाळून यायची, म्हणजे नाव वाचून शहाणपणा करायला नको. बाटलीवाल्याने ओतायचं, सगळ्यांनी डोळे मिटून वास घ्यायचा, आणि तो "बोला" म्हणेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग बोलायचं, मग घोट. मग चंबूतलं थोडं पाणी घालून पुन्हा पहिल्यापासून, कारण पाण्याने वास मोकळा होतो.

पाणी मारसलीच्या घरामागच्या ओढ्याचं. डोंगरावरच्या पीटमधून, म्हणजे वाळवून चुलीत जाळतात त्या काळ्या मातीतून झिरपत येतं, म्हणून रंगाने चहासारखं. बाहेरचे पाहुणे ते बघून दचकतात. इथल्यांना उलट पांढऱ्या पाण्याचा भरवसा वाटत नाही.

बाकीची तिघं 'गोड आहे', 'धूर आहे' यापलीकडे फारशी जात नसत. मारसली डोळे मिटून म्हणायची, "ख्रिसमसच्या केकचं भांडं, धुवायच्या आधीचं." किंवा, "ओला स्वेटर शेगडीवर टाकलाय, आणि टाकणारा विसरून गेलाय." मग तिघांनाही तोच वास यायला लागायचा. टॉर्किल म्हणायचा, "बाई, तू बोललीस की माझा पेला भरल्यासारखा वाटतो."

गेल्या शरदात तिला कावीळ झाली. बरी झाली, पण गावातली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "मिसेस मॅकफी, आता एक थेंबही नाही. कायमचं."

"वास घेतला तर?" मारसलीने विचारलं.

डॉक्टरीणबाईंना तो विनोद वाटला. त्या हसल्या आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

मित्रांना सांगायचं तर सरळ होतं. पण मारसलीला रॉडी आठवला. तोही या टेबलाचाच. काही वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली. भांडण नाही, तंटा नाही, पण पुढच्या गुरुवारी तो आला नाही, आणि कुणी बोलवायलाही गेलं नाही. आता त्याचं नाव निघालं की सगळे "बिचारा रॉडी" म्हणत. रॉडी मात्र रोज बंदरावर धडधाकट हिंडत असे. बिचारी मारसली व्हायची तिची तयारी नव्हती. चर्चमध्ये, दुकानात, सगळीकडे ती अँगसची विधवा होती. फक्त या टेबलाशी ती मारसली होती.

म्हणून तिने तोंड बंद ठेवलं. वास घ्यायची, बोलायची, पेला ओठांशी नेऊन खाली ठेवायची. मग दुसऱ्यांदा सगळ्यांचे डोळे मिटले की आपला पेला हळूच चंबूत रिकामा करायची. सिंक चार पावलांवर होतं, पण फरशीची लाकडं करकरत. शिवाय खरं सांगायचं तर सिंकमध्ये व्हिस्की ओतायला तिचा हात धजत नव्हता. चंबू हाताशी होता, पाणी मुळात तपकिरी होतं. सगळे गेले की त्या पाण्यात ती केकसाठी मनुका भिजत घालायची.

फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. आजारी माणूस म्हणून तिघंही तिला दोन बोटं जास्तच ओतत होती, आणि टॉर्किल दर पेल्यानंतर तोंड स्वच्छ करायला त्याच चंबूतलं ग्लासभर पाणी पीत होता.

नाताळ होऊन गेला. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी टॉर्किल आला तो हातात काठी घेऊन.

"हे काय रे?" इनाने विचारलं.

"शोनाने घ्यायला लावली." शोना म्हणजे त्याची बायको. "गेल्या गुरुवारी घरी जाताना पुन्हा चरात पडलो. दोन पेल्यांत! पूर्वी अख्खी बाटली पोटात घेऊन मी वादळात दोर टाकलेत. ती म्हणते, तोल गेलाय तुझा. ग्लासगोला मोठ्या डॉक्टरकडे नेणार आहे."

"वय झालं लेका," लाखी म्हणाला.

टॉर्किल हसला नाही. काठी खुर्चीला टेकवून तो खाली बसला. मारसलीला त्याची दया आली. आपणच त्याला चरात ढकलतोय, हे तिच्या गावीही नव्हतं.

पहिली बाटली इनाची होती, इथल्याच बेटाची, नाकात धूर घुसवणारी. दुसरी लाखीची. ओतताना तो उगाच मिशीत हसत होता. डोळे मिटले, नाकं पेल्यात गेली.

"बोला."

"मनुका," मारसली म्हणाली. "संत्र्याची साल. लग्नातला कोट कपाटातून काढलाय, खिशात मिठाईचा कागद तसाच आहे."

"धूर?" लाखीने विचारलं.

"नावाला नाही."

"शाबास! भाच्याने पाठवलीय, मुख्य भूमीवरची. पीटच्या धुराचा स्पर्श नाही तिला. घाला आता पाणी."

पाणी घातलं. डोळे मिटले. मारसलीने संधी साधून पेला चंबूत ओतला.

"अरे!" लाखीने नाक वर काढलं. "धूर आला!"

"मलाही येतोय," टॉर्किल म्हणाला.

"पाण्याने धूर कसा येईल?" इना म्हणाली.

"आपल्या ओढ्याचं पाणी आहे. पीटमधून येतं. मी कधीपासून म्हणतोय!" लाखी उठून उभाच राहिला. "मी शनिवारी हे पाणी बाटलीत भरून डिस्टिलरीच्या मॅनेजरला नेऊन देतो. मारसली, तुझ्या ओढ्याचं नाव होणार बघ!"

"नको नको," मारसली घाईने म्हणाली. "कशाला उगाच?"

इनाने तिच्याकडे पाहिलं. मग चंबू आपल्याकडे ओढून तीन स्वच्छ पेल्यांत नुसतं पाणी ओतलं. "आधी आपण बघू. मिटा डोळे."

मारसलीच्या पेल्यात काहीच नव्हतं. समोर तीन म्हातारे चेहरे मिटल्या डोळ्यांनी पाणी हुंगत होते. आता उठून चहाचं आधण ठेवावं आणि सगळ्यांना लवकर घरी धाडावं, असं तिला वाटलं.

"बोला," इना म्हणाली.

"धूर," लाखी गंभीरपणे म्हणाला. "मागून मनुका. जरासा मध. समुद्राचा खारेपणाही आहे. फार सुरेख पाणी आहे हो!"

टॉर्किलने पिऊन पाहिलं. मग परत प्यायला.

इनाने डोळे उघडले. "मारसली, हे पाणी नाही."

शेगडीतली पीटची वडी ढासळली.

"मला बंद केलीय," मारसली म्हणाली. "कायमची. डॉक्टरीणबाईंनी. शरदातच."

"आणि तू आमच्याशी बोलली नाहीस?" इनाने विचारलं.

"रॉडीचं काय झालं?" तिचा आवाज चढला. "प्यायचा बंद झाला आणि तुम्ही त्याला जिवंतपणी पुरलात. मीही त्यातच होते. मला माझ्या स्वयंपाकघरात बिचारी व्हायचं नव्हतं."

लाखी खाली बसला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "अगं, आम्ही काय तुझ्या घशासाठी येतो का इथे? घसा काय, माझ्याकडेही आहे एक, त्याला धूर आणि डांबर यातला फरक कळत नाही. तुझं नाक चालतंय ना?"

"नाकाला काही झालेलं नाही."

"मग झालं तर! वास तू घे. तुझा पेला मी..."

"तू का म्हणून?" इना म्हणाली. "ज्याची बाटली, त्याला मारसलीचा पेला. आणि रॉडीला आपण बोलावलंच नाही, हे खरं आहे. मीच जाईन उद्या त्याच्याकडे. तो येवो न येवो."

मारसलीने ॲप्रनने डोळे पुसले. गेले कित्येक महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं तिला झालं. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात टॉर्किलने ग्लास टेबलावर आपटला. इतका वेळ तो फक्त चंबूकडे बघत होता.

"थांबा," तो म्हणाला. "म्हणजे मी दर गुरुवारी... तोंड धुवायला... हे पीत होतो?"

"ग्लास ग्लास," इना म्हणाली.

"तोल गेला नाही माझा!"

"नाही रे."

"पाय शाबूत आहेत!"

"पाय शाबूत आहेत. मीच पाजत होते तुला," मारसली म्हणाली. "माफ कर बाबा. मला खरंच सुचलं नाही."

"माफ?" टॉर्किल उठला आणि टेबलाला वळसा घालून त्याने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "बाई, मी मृत्युपत्राचं बोलत होतो शोनाशी! ग्लासगो रद्द! चरबिर सगळं रद्द!" मग त्याने डोकं खाजवलं. "पण शोनाला सांगू कसं? मी दोनच पेले घेतो, हे शपथेवर सांगितलंय तिला."

"दोनच घेतलेस," इना म्हणाली. "बाकीचं पाणी होतं."

लाखीला इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला.

मारसलीने चंबू उचलला, मनुकांच्या वाडग्यात रिकामा केला आणि मागच्या दाराने ओढ्यावर जाऊन ताजं पाणी भरून आणलं. आल्यावर पाहते तो लाखीने तिच्या पेल्यात पुन्हा ओतलं होतं, या वेळी बेताचंच. तिने डोळे मिटले. घाई नव्हती. आता पेला गुपचूप रिकामा करायचा नव्हता.

"बोल," लाखी म्हणाला.

"तोच लग्नातला कोट," ती म्हणाली. "पण या खेपेला कुणीतरी घातलाय."

तिने पेला लाखीपुढे सरकवला.

सगळे गेल्यावर तिला खुर्चीला टेकलेली टॉर्किलची काठी दिसली. तिने खिडकीतून पाहिलं. तो चराच्या कडेकडेने, मुद्दाम सरळ पावलं टाकत, गाणं म्हणत चालला होता. तिने हाक मारली नाही. काठी दाराशी, अँगसच्या छत्रीशेजारी ठेवून दिली.