लॉबीतला सोफा आणि आमच्या सिस्टर

सिस्टर आमच्या घरी पहिल्यांदा आल्या आणि बसण्याआधी त्यांनी आमच्या नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. मुलुंडच्या त्या इमारतीत राहायला येऊन आम्हाला बरेच महिने झाले होते. सोफा मळू नये म्हणून दुकानातून आलेलं प्लॅस्टिक आम्ही तसंच ठेवलं होतं. उन्हाळ्यात त्यावर मांड्या चिकटायच्या, उठताना चर्र आवाज व्हायचा, पण काढायचा धीर होत नव्हता. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांच्या हातात प्लॅस्टिकचा बोळा होता.

"कुणासाठी जपतेस गं?" त्यांनी विचारलं. "तुझ्यापेक्षा मोठं कोण येणारे ह्या घरात?"

मग त्या बसल्या, दोनदा उसळून पाहिलं आणि नाक मुरडलं. "आतून नुसता भुसा आहे. टिकायचा नाही. पण आता मोडेपर्यंत तरी बसून घे."

सिस्टर म्हणजे पालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्स. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. भाजीवाला, लिफ्ट दुरुस्त करायला येणारा, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांच्या त्या सिस्टरच. उंच बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि वॉर्डाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आवाज. नवरा लवकर गेला होता. एकुलती मुलगी वैशाली लग्न होऊन नाशिकला. जुनी तीन मजली इमारत पाडून टॉवर झाला, तेव्हा बहुतेकांनी नव्या घराबरोबर बंद दाराची सवय लावून घेतली. सिस्टरनी लावून घेतली नाही. त्यांचं दार सकाळ-संध्याकाळ सताड उघडं असायचं. कुणी बीपी मोजून घ्यायला, कुणी सासूची तक्रार सांगायला, कुणी नुसतंच टेकायला यायचं. बुद्धपौर्णिमेला खिरीचं पातेलं हॉलमध्येच ठेवायच्या आणि आलेला प्रत्येक माणूस आधी बसला पाहिजे, मग वाटी, असा नियम होता.

त्यांच्या घरच्या सोफ्याला मधोमध चांगलाच खड्डा होता. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, फोम बदलून घ्या ना." तर म्हणाल्या, "खड्डा पडलाय म्हणजे घरात माणसं आली. खड्डा नसलेला सोफा दुकानात असतो." पण दर दोन-तीन वर्षांनी त्या फोम बदलायच्याच, आणि सांगायच्या नाहीत. बोलणं एक आणि करणं थोडं वेगळं, हेही त्यांच्यात होतं. मागाहून कळायचं, तेव्हा अजिबात न ओशाळता म्हणायच्या, "मग? लोकांची कंबर मोडू?"

गोष्ट सुरू झाली ती सुनीतामुळे. सुनीता आमच्या इमारतीत चार-पाच घरची कामं करायची. दुपारी एका घरचं काम संपायचं आणि पुढचं घर उघडायला वेळ असायचा. मधल्या वेळात ती खाली लॉबीत टेकायची. लॉबीत बिल्डरने दिलेला पांढरा सोफा होता, रेक्झिनचा, चकचकीत, जाहिरातीतल्यासारखा. वर्षभरात त्याचे पापुद्रे सुटायला लागले होते. त्या दिवशी सुनीता तापातून उठून पहिल्यांदाच कामावर आली होती. चेहरा उतरलेला, डोळे मिटून बसली होती. सेक्रेटरी बाहेरून आले आणि चारचौघांसमोर तिला म्हणाले, "उठ. हा सोफा बाईलोकांसाठी नाही." म्हणजे कामवाल्या बायांसाठी नाही. ती उठली. भिंतीला टेकून उभी राहिली.

सिस्टर तेवढ्यात भाजी घेऊन आत आल्या. मी लिफ्टपाशीच होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

"तिला का उठवलंत?"

"सिस्टर, तुम्हीच बघा सोफ्याची हालत. वॉचमन बसतो, बाया बसतात, कुरिअरवाले बसतात. एवढा वापर झाला तर कसा टिकेल?"

"वापराला टिकत नाही तर वापराला टिकेल असा आणा. माणसं कशाला कमी करताय?"

सेक्रेटरी हसले. वाईट माणूस नव्हे. पाण्याच्या टँकरसाठी पहाटे उठून धावपळ करणारा, पण वस्तूंवर फार जीव. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी सूचना लागली. लॉबीतील सोफा फक्त सभासद व त्यांच्या पाहुण्यांसाठी आहे.

सिस्टरनी ती चष्मा लावून वाचली. संध्याकाळी पाचच्या सुमारास खाली आल्या आणि सोफ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, म्हणून एक हात भिंतीला. दुसऱ्या बाजूला सुनीता उभी. वॉचमन रामबचन घाबरला.

"सिस्टरजी, बैठ जाइए ना."

"तू बैठ, फिर मैं बैठेगी."

तो कुठला बसणार! तास-दीड तास त्या उभ्या राहिल्या आणि वर गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी ऑफिसातून, पवईहून, आले तर त्या तशाच उभ्या. मला वाटलं होतं, एका दिवसाचा राग असेल. मी म्हटलं, "सिस्टर, गुडघ्याची वाट लागेल. आपण मीटिंगमध्ये बोलू ना."

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. एकदाच सांगितलं, पुन्हा कधी तो विषय काढला नाही. साताऱ्याकडचं गाव त्यांचं. लहान असताना आईबरोबर एका मोठ्या घरच्या लग्नाला गेल्या होत्या. लग्नाला म्हणजे अंगणाबाहेर, पंगती उठल्यावर जे वाढतील ते घ्यायला. उन्हात उभं राहून पोरीचे पाय भाजले, म्हणून ती ओट्याच्या कडेला टेकली. कुणीतरी ओरडून उठवलं.

"मला उठवलं होतं गं एकदा," सिस्टर म्हणाल्या. "आईने माझा हात धरला आणि तशीच निघाली. जेवण न घेता. घरात काही नव्हतं त्या दिवशी, तरी निघाली. मी काय मीटिंगची वाट बघू?"

मी पर्स खांद्यावरून काढून सोफ्यावर ठेवली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.

मग एकेक जण यायला लागलं. आधी त्यांच्याकडे बीपी मोजून घेणाऱ्या दोन बायका. मग चौथ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी 'लॉबीत मोर्चा' असं टाकून हसण्याची चित्रं पाठवली. कुणी लिहिलं, एवढं प्रेम आहे तर आपापल्या घरी नेऊन बसवा ना. सिस्टरनी उत्तर लिहिलं, "माझ्या घरी बसतातच. लॉबी माझीच आहे, तिथेही बसतील."

सेक्रेटरींना वाटलं, दमतील आणि सोडतील. सिस्टर दमल्या होत्याच. घोटे सुजायला लागले होते, मी डोळ्यांनी पाहत होते. तरी संध्याकाळ झाली की लिफ्टचं दार उघडायचं आणि त्या बाहेर यायच्या. जिने कुणाला आयुष्यभर उभं राहू दिलं नाही ती बाई रिकाम्या सोफ्याशेजारी उभी राहिलेली मला बघवेना. मी एकदा खुर्ची आणली, तर म्हणाल्या, "वर ठेवून ये. ह्याच सोफ्यावर बसेन, आणि हिच्याबरोबर बसेन."

आणि मग एका संध्याकाळी सेक्रेटरींच्या आई खाली आल्या. ऐंशी पार केलेल्या, हातात वॉकर. सहसा घराबाहेर पडत नसत. लिफ्टमधून बाहेर पडल्या आणि इतकी माणसं गप्प उभी बघून घाबरल्याच.

"काय गं, कोण गेलं?"

"कुणी नाही आजी," सिस्टर म्हणाल्या. "सोफा जपतोय."

"कुणासाठी?"

"ते तुमच्या लेकाला विचारा."

आजींनी सूचनेकडे पाहिलं. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवली. आजींनी सुनीताकडे पाहिलं. सुनीता रोज दुपारी त्यांचे पाय चेपायची. आजींनी वॉकर सुनीताजवळ नेला, ब्रेक लावल्यासारखा दाबून ठेवला आणि उभ्या राहिल्या.

सेक्रेटरी ऑफिसातून आले ते हे बघायला.

"आई, अगं उभी काय? बस आधी."

"ही बसली की बसते."

"आई, हे सोसायटीचं आहे. तुला नाही कळायचं."

"माझे पाय ही चेपते, तू नाही," आजी म्हणाल्या. "ही उभी आणि मी बसू? लाज नाही वाटत?"

सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिलं, मग कुणाकडेच न बघता म्हणाले, "बसा. सगळे बसा," आणि लिफ्ट न घेता जिन्याने वर गेले.

आधी सुनीता बसली. मग आजी. मग सिस्टर. त्या बसल्या तेव्हा त्यांच्या तोंडून एक 'आई गं' निघालं, आणि सोफ्याचा एक पाय वाकडा झाला.

आता नवा आणणं भागच होतं. मीटिंगमध्ये सेक्रेटरी टोमण्याने म्हणाले, "आता सगळं गावच बसणार, तर तसा सोफा तुम्हीच शोधा." टोमणा कळला नाही असं दाखवून सिस्टर म्हणाल्या, "आणते."

रविवारी त्या सुनीताला, रामबचनला, आजींच्या वतीने मास्तरांना आणि मला घेऊन हायवेजवळच्या मोठ्या शोरूममध्ये गेल्या. रामबचन युनिफॉर्ममध्येच होता. सेल्समन त्याला म्हणाला, "आप बाहर रुकिए." सिस्टरनी रामबचनचा दंड धरून त्याला शोरूममधल्या सगळ्यात भारी सोफ्यावर बसवलं. "बस. कसा वाटतो सांग." तो टोकाला, कोंबडी बसते तसा बसला. "तसा नाही. ड्यूटी संपल्यावर बसतोस तसा बस." सेल्समनने मग आमच्या वाटेला जायचं सोडून दिलं.

त्या दिवशी सिस्टर शोरूमभर फिरल्या. सोफ्याचा एका बाजूचा पुढचा पाय उचलायच्या. दुसराही लगेच उचलला गेला तर सांगाडा घट्ट, नाहीतर पुढे चला. गादीवर गुडघा रोवायच्या आणि काढल्यावर ती किती चटकन वर येते ते बघायच्या. खाली वाकून लाकूड खरं आहे की भुशाची फळी ते नखाने खरवडायच्या. कव्हरला चेन आहे का, काढून धुता येतं का. सुनीता म्हणाली, "फार खोल नको सिस्टर, उठताना कंबर धरते." मास्तर म्हणाले, हाताला टेकायला लाकूड हवं, म्हातारं माणूस त्याला धरून उठतं. रामबचनचं एकच म्हणणं, सफेद नको. शेवटी सागवानी सांगाड्याचा, सरळ पाठीचा, जाड कापडाचा एक सोफा ठरला. रंग सिस्टरनी निवडला, आणि तो मात्र भयंकर होता. गडद, वांग्यासारखा. मी नको नको म्हणत होते. ऐकतील तर सिस्टर कसल्या!

सोफा आला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "सरकारी दवाखान्यातला वाटतोय."

"सरकारी दवाखान्यात मी जन्म काढला," सिस्टर म्हणाल्या. "तिथे कुणाला उठवत नाहीत."

त्यावर मग सगळे बसले. शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या आया, जेवणाचे डबे घेऊन आलेली पोरं, पाय मुरगळलेला गॅसवाला. सुनीताची दुपारची डुलकी त्यावरच. आजी वारल्या, त्याआधीच्या वर्षभरात कितीतरी संध्याकाळी सुनीता आणि त्या शेजारी शेजारी बसून मटार सोलायच्या. सिस्टरसुद्धा रोज येऊन बसायच्या, पण त्यांना तिथे फार वेळ करमायचं नाही. म्हणायच्या, "आता भांडायला कुणी नाही, मजा गेली."

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळी चहा टाकला आणि तिथेच कोसळल्या. वैशाली नाशिकहून येईपर्यंत खाली माणसांची रीघ लागली. हॉस्पिटलातल्या जुन्या सहकारी आल्या, कुठकुठल्या वस्त्यांतल्या बायका आल्या, ज्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. कुणी कुठे बसावं हे कुणी सांगितलं नाही. सेक्रेटरी सगळी धावपळ करत होते. गाडी, फुलं, पाणी. सगळं त्यांनी केलं. पुण्यानुमोदनाच्या सभेत बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मला त्यांचं पटलं नव्हतं. अजूनही सगळं पटत नाही." आणि तेवढ्यावरच मंचावरून खाली उतरले. मला त्या दिवशी झालेल्या सगळ्या भाषणांत तेच खरं वाटलं.

त्या लॉबीतल्या सोफ्यावर ते अजून एकदाही बसलेले नाहीत. लिफ्टला कितीही वेळ लागला तरी उभेच राहतात. काल मी आले तेव्हाही होते. सोफ्यावर सुनीता होती, रामबचन होता, आणि एक अनोळखी कुरिअरवाला पाय पसरून बसला होता. सुनीता थोडी सरकली.

"बसा ना साहेब," ती म्हणाली. "जागा आहे."

साहेब मोबाइलकडे बघत राहिले. तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.