तोतारामनाना शाळेचं घर पाहतात

नैरोबीतल्या एका इंटरनॅशनल शाळेच्या मुख्याध्यापिकेला मी वांग्याच्या भरतात बुडवलं. मुद्दाम नाही, पण बुडवलं हे खरं.

गेल्या डिसेंबरातला शनिवार होता. फैजपूरजवळच्या तोतारामनानांच्या केळीच्या मळ्यात भरताचा बेत होता. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती आणि मिरची-लसणासोबत मोठ्या लाकडी भांड्यात ठेचूनही झाली होती. नेमकी त्याच वेळेला नानांच्या नऊ वर्षांच्या नातीची, भाविकाची, त्या शाळेच्या प्रवेशासाठी व्हिडिओ कॉलवर मुलाखत ठरलेली. मुलाखत मळ्यात का, तर नानांच्या घरात मोबाईलला रेंजची एकच दांडी येते आणि मळ्यात चार. फोन माझ्या हातात का, तर गावच्या हायस्कुलात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. भाविकाचा बाप, म्हणजे नानांचा मुलगा ललित, माझाच विद्यार्थी. मी शिकवलं, तरीही तो पुढे इंग्रजी शिकला.

भाविका फाडफाड बोलली. बाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, घरच्या मोठ्या माणसांशीही बोलायला आवडेल. नाना टोपी सारखी करून पुढे सरकले.

"मास्तर, विचार त्यांले, घरात माणसं किती?"

मी शाळेची विद्यार्थिसंख्या विचारली. बाईंनी सांगितली. नाना म्हणाले, "भरलं घर हाये. आता आपलं भरीत दाखव त्यांले. जेवायच्या टायमाले माणूस आलं, अन् आपण तोंडदेखलं तरी विचारू नाही?"

मी फोन भांड्यावर धरला. वाफेनं चष्मा धुरकटला, बोटांना तेल लागलेलंच होतं, आणि बाई पालथ्या भरतात पडल्या. आतून दोनदा "हॅलो, हॅलो" असं आलं. मग तेही बंद झालं.

"सर," ललित डोक्याला हात लावून म्हणाला, "फोन गेला त्याचं काही नाही. जागा गेली."

नानांच्या कारभारीण सुगंधाबाईंनी चिमट्यानं फोन बाहेर काढला आणि म्हणाल्या, "चांगलं चार किलोचं भरीत गेलं, त्याचं कोणालेच काही नाही."

प्रकरण असं होतं. ललित ठिबक सिंचनाच्या कंपनीत इंजिनीअर. कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी केनियाला पाठवायचं ठरवलं. सोबत बायको नूतन आणि भाविका. घर कंपनी देणार, गाडी कंपनी देणार. शाळा मात्र ज्याची त्यानं निवडायची. शोधता शोधता दोन शाळा उरल्या. पहिली म्हणजे संस्थानच. पोहायचा तलाव, घोडे, नाटकाचं थिएटर, आणि वेबसाईटवर एवढी हसरी मुलं की शाळेत कोणी पाढे म्हणत असेल यावर विश्वास बसू नये. दुसरी शाळा लहान, जुन्या कौलारू इमारतीत. वेबसाईटवर त्याच भरतातल्या बाईंचा एकच फोटो, तोही हलल्यासारखा. कुठली ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. ललितचं मन पहिलीत. नूतनला एकच धास्ती. ती म्हणायची, "भाविका इथे शेजारच्या गल्लीत गेली तरी कोणी ना कोणी तिला ओळखतं. तिथे तिला ओळखणारं कुत्रंसुद्धा नाही. पहिल्या दिवशी रडली, तर कोण जवळ घेईल?"

या प्रश्नावर मी एक तक्ता बनवला. तेवीस रकाने. अभ्यासक्रम कोणता, एका शिक्षकामागे मुलं किती, परत आल्यावर इथल्या शाळेत कितवीत बसवतील, सगळं. रडल्यावर कोण जवळ घेईल, हा रकाना तेवढा राहून गेला. नानांनी तक्ता उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "यातल्या कोणत्या शाळेचा उंबरा तू पाह्यला?"

"नाना, उंबरा कसा पाहणार? समुद्रापलीकडे आहे."

"मंग हे काय लिहिलं?"

"वेबसाईटवरून."

नाना हसले. नानांचं हसणं ज्यांनी रोपवाटिकेत ऐकलंय त्यांना त्याचा अर्थ कळतो. केळीची रोपं घ्यायला गेले की ते मालकाचा बोर्ड वाचत नाहीत, कॅटलॉगातला घड पाहत नाहीत. मधल्याच रांगेतलं एक रोप पिशवी फाडून उपटतात, मुळं बादलीत खळबळून धुतात आणि उन्हात धरून बघत बसतात. मालक कळवळतो. नाना म्हणतात, "पानं तर काय, सगळेच हिरवी दाखवता."

आणि पोरीच्या बाबतीत तर त्यांच्याकडे याहून जुनी रीत आहे. पोरगी द्यायची तर आधी घर पाहायला माणूस जातो. सांगून जायचं नाही, कारण सांगून गेलं की सगळी घरं चांगली असतात. दुपारी जायचं, कारण दुपारी माणूस खरा असतो. ओळख न देता पाणी मागायचं. पाणी कोण आणतं, कशात आणतं, कपाळाला आठी घालून आणतं की कसं, तेवढं पाहून परत यायचं. नानांनी दोन बहिणी आणि एक पुतणी या एका तांब्यावर दिली, आणि तिघीही सुखात आहेत असं ते सांगतात. तिघींना अजून कोणी विचारलेलं नाही.

"पण ती शाळा आहे, सासर नाही," ललित म्हणाला.

"पोट्टी परक्या घरी दिवसभर राहीन का नाही? मंग ते काय हाये?"

इंजिनीअरनं माझा तक्ता पुन्हा वाचायला घेतला. नूतन मात्र पहिल्यांदाच मोकळं हसली आणि म्हणाली, "पाठवा नाना माणूस."

माणूसही सापडला. बोदवडचा सुकदेव, दालमिलचा फिटर, सहा वर्षं नैरोबीतल्या एका दालमिलीत. त्याच्या मावशीचं घर नानांच्या आळीत. रविवारी नानांनी त्याला फोन लावला. नाना परदेशात फोन लावतात तेव्हा मधला समुद्र स्वतःच्या आवाजानं पार करायचा असल्यासारखे बोलतात.

"सुकदेव, तठी दोन शाळा हायेत! दुपारी जाय! चांगले कपडे घालू नको! फाटकावर पाणी माग, अन् काय होतं ते मले सांग!"

"नाना, शाळेच्या फाटकावर असा उभा राह्यलो तर धरतीन मले."

"धरू दे. कसे धरता तेबी पाह्य."

बुधवारी संध्याकाळी सुकदेवचा फोन आला. सगळं घर स्पीकरभोवती बसलं. मीही होतो, भरतानंतर मला फोनपासून चार हात लांब बसवण्यात आलं होतं.

"नाना, पहिली शाळा लई भारी. सोनगीरच्या किल्ल्याले नसीन असं फाटक."

"आत काय हाये?"

"ते माहीत नाही. फाटकच पाह्यलं. वाचमन म्हने, आधी नाव टाका, वेळ घ्या. मी म्हटलं, पाणी पाहिजे. तो म्हने, रस्त्यापलीकडे दुकान हाये. मी भिंतीच्या सावलीले उभा राह्यलो, तर म्हने, भिंत शाळेची हाये, सरक. मी म्हटलं, भिंत शाळेची, सावली तर सूर्याची हाये. मंग त्यानं शिटी वाजवली."

"दुसरी?"

"दुसरीत वाचमनने आपली बाटली दिली अन् खुर्चीबी दिली. मंग आत जाऊन सांगितलं. मोठ्या बाई स्वतः आल्या, हाताले चिखल, पोऱ्यांसंगे पालक लावत होत्या. मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, फैजपूरच्या एका पोरीच्या आजोबांनी घर पाहाले पाठवलं. तर बाई म्हने, म्हणजे ते वांग्याचे लोक?"

ललितनं डोळे मिटले. मी छताकडे पाहिलं.

"लई हसल्या. म्हने, आमच्याकडेबी लग्नाआधी असंच माणूस पाठवता. मंग मले वर्गापासून पालकाच्या वाफ्यापर्यंत बठ्ठं दाखवलं. एक लहान पोरगा गुडघा फुटला म्हणून रडत होता, त्याले कडेवर घेऊनच फिरल्या. जागा हाये म्हने, शुक्रवारपर्यंत ठेवते. अन् त्या वांग्यात मीठ किती घालता, ते विचारलं."

नूतननं डोळ्यांना पदर लावला. तिच्या प्रश्नाचं उत्तर कडेवर बसून आलं होतं. भाविका स्पीकरला तोंड लावून ओरडली, "सुकदेवकाका, तिथे घोडा आहे?"

"घोडा नाही. शेळी हाये, दोन पिल्लं झाली."

"चालेल!"

तरीही ललित एकदा लढला. "नाना, बाटलीभर पाण्यावर शाळा ठरवायची?"

"जो अनोळखी माणसाले उन्हात सरकवतो, तो अनोळखी पोट्टीले काय सावलीत बसवीन? अन् तुझी माय मी अशीच आणली. पाणी पाहून."

"हो," सुगंधाबाई आतून म्हणाल्या, "माझ्या बापानं मात्र तुमच्या घरचं पाणी पाह्यलं नाही. तांब्या घासायले मलेच यावं लागलं."

शुक्रवारी ललितनं होकार कळवला. उत्तरात बाईंनी भाविकाचा वर्ग, बसची वेळ आणि शेळीच्या पिल्लांचा फोटो पाठवला. माझ्या तेवीस रकान्यांच्या कागदावर त्या दिवशी सुगंधाबाईंनी शेंगा सोलल्या.

संध्याकाळी मळ्यात नाना एकटेच बांधावर बसले होते. समोर भाविका आपल्या हातानं लावलेल्या केळीला पाणी घालून तिला निरोप देत होती. जाताना प्रत्येक झाडाला सांगावं लागतं, असं तिचं म्हणणं. नाना तिच्याकडे पाहत होते, आणि एवढं जिंकूनही चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. मला एकदम वाटलं, सुकदेवला दोन्हीकडे शिट्याच मिळाल्या असत्या, तर या म्हाताऱ्याला फार वाईट वाटलं नसतं.

म्हणून विचारलं, "नाना, समजा दुसऱ्या शाळेनंही पाणी दिलं नसतं, तर भाविकाचं काय केलं असतं?"

नानांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इथंच ठेवून तुझ्या शाळेत घातली असती मास्तर, वाचली पोट्टी!"