मलकापूरच्या आबांनी घेतलेली परीक्षा

पाळकपणाच्या तोंडी परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो, तेव्हा देवाने मला बोलावलंच नव्हतं की काय, ही शंका मनात घर करून बसली. आमच्या प्रेसबिटेरियन मंडळीत नुसते लेखी पेपर सुटून भागत नाही. पाळक आणि मंडळीतले ज्येष्ठ समोर बसतात, हवं ते विचारतात, आणि त्यांची खात्री पटली तरच दीक्षा मिळते. दीक्षा नसेल तर प्रभुभोजनाची भाकर मोडून देता येत नाही. माझ्या आईची एवढीच इच्छा होती, की ती भाकर एकदा लेकाच्या हातून घ्यावी. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात तण खुरपत भांगलण करणाऱ्या आईने स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे तिचं हे एक मागणं मला फार मोठं वाटायचं.

नापास का झालो, हे सांगताना आजही लाज वाटते आणि हसूही येतं. मंडळीची प्रश्नोत्तरी वडिलांनी माझ्याकडून लहानपणीच पाठ करून घेतली होती. ते चर्चची घंटा वाजवायचे. दर रविवारी घंटेआधी मला पायरीवर उभं करून पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत म्हणायला लावायचे, आणि मध्ये अडखळलो तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे सगळं तोंडपाठ, पण ओळीनेच. परीक्षेत अध्यक्षांनी एकदम मधलाच, बाप्तिस्म्याचा प्रश्न विचारला, आणि मी मनातल्या मनात पहिल्या प्रश्नापासून धावत सुटलो. मी तिथवर पोचेपर्यंत त्यांनी चष्मा पुसला, पाण्याचा घोट घेतला आणि दुसरा प्रश्न टाकला. मी पुन्हा पहिल्यापासून! पण 'येत नाही' म्हणायला जीभ काही वळली नाही. माझ्याइतकं पाठांतर मंडळीत कुणाचं नव्हतं आणि त्याचा मला भारी तोरा होता. "पुढच्या वर्षी या," अध्यक्ष म्हणाले, "पण ती शेवटची संधी असेल."

मी तेव्हा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला होतो. दुसऱ्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते, आणि ओतकाम चालू असताना लोखंडाचा तापलेला रस उडून बुटात गेला. पाऊल चांगलंच भाजलं. दवाखान्यात पडल्या पडल्या मी देवाशी भांडलो. तुला मी नको असेन तर सरळ सांग, असा पाय कशाला भाजतोस, असंही म्हणालो. भांडून झालं की पुन्हा पुस्तक छातीवर आणि ओठांवर तीच ओळीने म्हणायची प्रश्नोत्तरी.

शेजारच्या कॉटवर मलकापूरकडचे एक शेतकरी होते. वय सत्तरीचं, घरी चार म्हशी, उशाशी नृसिंहवाडीचा अंगारा. पोटाचं ऑपरेशन व्हायचं होतं. सगळे त्यांना आबा म्हणत. दोन दिवस त्यांनी माझी पुटपुट सोसली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पावणं, कसला जप म्हणायचा ह्यो?"

मी परीक्षेचं सांगितलं. त्यांनी हात लांब करून पुस्तक घेतलं, भलतंच पान उघडलं आणि अक्षरांवर बोट फिरवत सावकाश प्रश्न वाचला. मी म्हणालो, "आबा, पहिल्यापासून विचारा ना."

"आवो, म्हशी वळीनं बांधल्या म्हणून काय वळीनं आजारी पडत्यात? सांगा मुकाट्यानं!"

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ आमची शाळा भरू लागली. ज्या माणसाने जन्मात चर्चची पायरी चढली नव्हती, तो मला आमच्याच धर्माचे प्रश्न विचारत होता, मागचे, पुढचे, मधले. मी चुकलो की सारवासारव करायचो. मग ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "येत न्हाय म्हणा की सरळ! कशापायी थापा मारताय?"

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांनी पुस्तक मिटलं. "आता ह्यात नसल्यालं इचारतो. उद्या टेबलावरनं मी उठलोच न्हाय तर कसं?"

माझ्याजवळ तयार उत्तरं पुष्कळ होती. तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांच्या डोळ्यांतली भीती पाहिली आणि ती उत्तरं मला खोटी वाटू लागली. "मला ठाऊक नाही, आबा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच हे शब्द माझ्या तोंडून निघाले. "पण उद्या तुम्हाला नेतील तेव्हा मी जवळ असेन."

"व्हय? मग बरं हाय," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

सकाळी एका पायावर लंगडत, ट्रॉलीला धरून मी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेलो. दार मिटलं. तिथल्या बाकावर बसून मी प्रार्थना केली. तिच्यात पाठ केलेला एकही शब्द नव्हता. नुसतं 'प्रभू, तू बघ' एवढंच. संध्याकाळी आबांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारावं, तर "पुस्तक कुठाय?"

परीक्षेला मी काठी टेकत गेलो. अध्यक्ष तेच. त्यांनी मागचं-पुढचं सगळं विचारलं आणि मी जिथल्या तिथे उत्तरं देत गेलो. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही प्रार्थना केली आणि तरीही माणूस गेला, तर घरच्यांना काय सांगाल?"

"मला ठाऊक नाही, साहेब. मी त्यांच्याजवळ बसेन."

मग अध्यक्षांनी समोरचा कागद उलटा ठेवला. "गेल्या वर्षी तुम्ही असं म्हणाला नसता," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी माझा हात हातात घेतला.

आबा त्या कॉटवर कसे आले, याचा मी कधी कीस काढला नाही. पाठांतर देवाच्या पायाशी वाहिलं म्हणजे समर्पण झालं, असं मी समजत होतो. त्याने मात्र माझा तोरा मागून घेतला, आणि तो घ्यायला मलकापूरचा माणूस पाठवला. त्याचे आभार मी रोज मानतो.

दीक्षेच्या दिवशी आबा गुलाबी फेटा बांधून, दुधाची किटली घेऊन पहिल्या बाकावर हजर. आई भाकर घ्यायला पुढे आली. एरवी ती मान खाली घालून घ्यायची. त्या दिवशी मात्र तिने ताठ उभी राहून माझ्याकडे पाहिलं आणि भांगलणीने घट्टे पडलेले हात पुढे केले. माझा ऊर अभिमानाने भरून आला, आणि तो मी लपवला नाही. परत जाताना ती आबांच्या बाकापाशी थांबली. "माझा ल्योक हाय त्यो," ती म्हणाली.

"ठावं हाय की!" आबांचा आवाज पार घंटेपर्यंत गेला. "पास म्याच केलाय त्येला!"