बावीस पिशव्या, एकच खड्डा

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय, हे लग्न झालेल्यांना वेगळं सांगायला नको. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. राजूरच्या गणपतीला आलात तरी आमच्या फाट्यावर उतरणार नाही.

तसा मी बरा माणूस आहे. कुणाचा बांध कोरला नाही. हुरड्याच्या दिवसांत शेजारची दोन-चार कणसं — ते सोडा, ते सगळेच करतात. पण मातीचं एक आहे.

काही वर्षांपूर्वी तालुक्याहून साहेब आले आणि मला हुशार ठरवून बावीस जणांच्या रानांतली माती तपासणीसाठी गोळा करायला सांगून गेले. प्रत्येक रानात आठ-दहा जागी वीतभर खड्डा घ्यायचा, माती एकत्र कालवायची, त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची, वर नाव लिहायचं. झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मे महिना. दुसऱ्या दिवशी नवीन जालन्यात मेव्हण्याचा साखरपुडा, जेवणात गुलाबजाम. आता तुम्हीच सांगा — बावीस रानं कशी व्हायची? पहिल्या रानात दोन खड्डे घेतले, घाम पुसला आणि घरी परत फिरलो. गोठ्यामागे लिंबाची गार सावली होती. तिथंच, उकिरड्याला लागून, एक मोठा खड्डा घेतला आणि बावीसच्या बावीस पिशव्या भरल्या. नावं मात्र सुवाच्य लिहिली.

तपासणीची कार्डं आली. सगळ्या गावाची जमीन कसदार! साहेब खूश, गाव खूश. लोकांनी कार्डं कपाटात टाकली आणि पेरणीआधी नेहमीसारखे कौसावहिनींकडे गेले.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ ट्रकवर, शेती सगळी तिच्याकडे. अक्षरओळख नाही, पण मूठभर माती ओली करून बोटांत मळली की कुठल्या रानात काय येईल ते सांगायची. तिचं स्वतःचं रान उताराचं, बरड, वीतभराखाली मुरूम. त्यात ती दरसाल बाजरी पेरायची आणि मधल्या ओळींत मटकी. मटकी जमीन झाकते, ओल धरून ठेवते, असं तिचं म्हणणं.

त्या कार्डावर गावात एकाच माणसाचा विश्वास बसला. तिचाच. मी वाचून दाखवलं तेव्हा तिनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"मला तं ही बरडच वाटून राह्यली, भाऊजी. पण शिकल्यालं माणूस खोटं कशाला लिहील?"

बोलायची जागा हीच होती. बोललो का? मी चहा पीत होतो. एवढं एक वाक्य — वहिनी, ती माती तुमची नाही — चहाबरोबर गिळलं.

तिनं कपाशी लावली. श्रावणात पावसानं दडी मारली आणि मुरमावरची कपाशी बसली. वर्ष वाया गेलं. पण त्याहून वाईट पुढे झालं. तिनं दोष कार्डाला दिला नाही, स्वतःला दिला. कुणी विचारायला आलं तर म्हणायची, मला कुठं कळतंय मातीतलं, कार्ड पाहा. हळूहळू तिच्या ओट्यावर कुणी येईना. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तरी गप्पच राहिलो — भित्रा होतो, दुसरं काय?

पुढच्या पेरणीला ती तेच कार्ड घेऊन आली. यंदा काय पेरू म्हणतंय, वाचा. आता कार्डावर असं काही लिहिलेलं नसतं. पण मी ते लांब धरलं, खाकरलो आणि वाचलं — जमीन उथळ आहे, बाजरी घ्या, मधी मटकी, उताराला आडवं पेरा, कपाशी बिलकुल नको. शब्द न् शब्द तिचाच.

तिचा चेहरा खुलला. "माझ्या मनात तेच व्हतं," ती म्हणाली. "पण मनाचं काय, कागद खरा."

बाजरी झकास आली. तिच्याकडून मला भाकरी आणि ठेचा आला, तोही मी मिटक्या मारत खाल्ला. तेव्हापासून दरसाल वाचतोय. आता तिचं पाहून आणखी सात-आठ जण आपापली कार्डं घेऊन येतात. मी चष्मा लावतो आणि वहिनी ज्याला त्याला पूर्वी जे सांगायची ते आठवून वाचून दाखवतो. गावात माझा मान वाढलाय.

कधीकधी आठवत नाही. मग संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, वहिनी, त्या ओढ्याकाठच्या काळ्या रानाला तुम्ही काय सांगत होता? ती सांगते. बराबर सांगते. मग स्वतःच हसते आणि म्हणते, "सोडा भाऊजी. आम्हा अडाण्याचं काय ऐकता?"

मी मान डोलावतो. आणि दुसऱ्या दिवशी तेच कार्डावरून वाचतो.