व्याह्यांची तांबडी रेघ

माझ्या व्याह्यांइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. सगळी नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात, पुलाखालच्या पट्टीवर नदीची पातळी वाचण्यात काढली. निवृत्त झाले तरी ती पट्टी त्यांच्या डोक्यातून निघाली नाही. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत फ्रीमाँटला लेकीकडे होते आणि ते मुलाकडे, म्हणजे घर एकच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर यूटाच्या वाळवंटातल्या एका अरुंद दरीचं चित्र होतं. दोन्ही बाजूंना तांबडे कडे आणि मधून एका माणसापुरती वाट. व्याह्यांनी ते पाहिलं आणि जाहीर केलं, "परत जायच्या आधी मी या वाटेनं चालणार. पुढच्या वर्षी गुडघे परवानगी देणार नाहीत." खरं तर त्याही वर्षी देत नव्हते.

जावई म्हणाला, "बाबा, त्यात एवढं काय? तिकिटं बुक करू, तिथे कार रेंट करू, झालं!"

"झालं काय? पाणी किती, मीठ किती, उन्हाआधी परत कधी फिरायचं, हे तुझी कार ठरवणार?"

ठरवलं ते त्यांनीच. माणशी चार लिटर पाणी, खारे शेंगदाणे, टोपी, शिट्टी. सवय व्हावी म्हणून पिशव्यांत तूरडाळीची पाकिटं भरून, त्या आमच्या पाठीवर बांधून रोज सकाळी आम्हाला वसाहतीत फिरवलं. शेजारच्या गोऱ्या बाईनं आठवडाभर हसून हात हलवला आणि मग विचारलं, तुम्ही घर बदलताय का? व्याह्यांनी तिच्याच हातात कागद ठेवला: शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत आमचा फोन आला नाही, तर कुणाला कळवायचं ते त्यात होतं. बाटल्यांचा तर कहर. लेकीच्या तांबड्या नेलपॉलिशनं प्रत्येक बाटलीवर तासातासाची रेघ ओढली. त्या वेळेला पाणी त्या रेघेवर उतरलंच पाहिजे.

"विहीणबाई, नऊ वाजले. तुमची पातळी उतरलेली नाही."

"माझी पातळी मी बघेन. तुम्ही गुडघे सांभाळा."

"वाळवंटात तहान लागायच्या आधी माणूस पडतो." मग मी मुकाट्यानं प्यायले.

शेवटचा नियम त्यांनी फ्रिजवर चिकटवला. 'दूर कुठेही काळा ढग दिसला तर दरीत पाऊल टाकायचं नाही. तेव्हा कुणाचंही ऐकायचं नाही, माझंसुद्धा.' खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईचीही घेतली.

शनिवारी सकाळी दरीची देखरेख करणाऱ्या तिथल्या कार्यालयात विचारलं. आज पुराची शक्यता कमी आहे, पुढे तुम्ही ठरवा, असं ते म्हणाले. दरीच्या तोंडाशी पोचलो. डोक्यावर आभाळ निळंशार, पण पार उत्तरेला डोंगरावर बोटाएवढा काळा ढग. नात म्हणाली, "आजोबा, देअर इज नो रेन!"

"पाऊस तिथे पडतो बाळा, पाणी इथे येतं," ते म्हणाले खरे, पण नजर आतल्या वाटेवर होती. चित्रातलीच वाट, तसाच उजेड. बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "ढग तसा लांब आहे. अर्धा तास जाऊन यायला काय हरकत आहे?"

जावई, लेक, सगळे खूश झाले. मी म्हटलं, "व्याहीबुवा, तुमचंसुद्धा ऐकायचं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मी सही केलीय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी बाई असती तर मागे सरली असती. मग ते एका दगडावर बसले, घड्याळ पाहिलं आणि दहाच्या रेघेपर्यंत पाणी प्यायले. "चला परत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जावयानं त्या कार्यालयात फोन करून चौकशी केली. "बाबा, पाणी आलंच नाही. उगाच कॅन्सल केलं आपण."

मला वाटलं, आता हे माझ्यावर उखडणार. ते म्हणाले, "नाही आलं ना? बरं झालं. आत कुणीतरी असेलच."

ते भारतात परत गेले ते गेलेच. गुडघ्यांनी त्यांना पुन्हा अमेरिका दाखवली नाही, आणि आता तर तेही नाहीत. त्या दिवशी मी बोलले याचा मला पश्चात्ताप नाही. बाटली मात्र मी अजून वापरते. तांबड्या रेघा पुसट झाल्यात, पण नऊला नऊच्या रेघेपर्यंत पिते. तहान नसली तरी.