लातुरातलं खारं पाणी

लातूरच्या गंजगोलाईत वीरण्णांचं किराणा दुकान आहे. त्यांची थोरली मुलगी मंजुश्री समुद्रातल्या जिवांवर शिकायला पार आंध्रच्या किनाऱ्यावर गेली, तेव्हा पोरीच्या डोक्यात काय शिरलंय ते नातेवाइकांना कळेना. घर लिंगायताचं. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि साधं अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आत आलेलं नाही. अशा घरातली पोरगी गुडघाभर चिखलात उभी राहून खेकडे धरते, हे लग्नकार्यात बायका एकमेकींच्या कानात सांगायच्या. तिची आई रत्नम्मा ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मंजुश्रीला मात्र त्या चिखलानं लळा लावला होता. गोदावरी जिथं समुद्राला मिळते, तिथल्या खाडीत ती ओहोटीला उतरायची. खारफुटीच्या मुळांना चिकटलेले शिंपले, चिखलावर रेघा ओढत जाणाऱ्या गोगलगायी, एकच मोठी नांगी हलवत बसलेले खेकडे, सगळ्यांची नोंद करायची. तिथंच एका कोळ्याच्या जाळ्यात तिनं पहिल्यांदा तो झिंगा पाहिला. वीतभर लांब मादी, निळसर नांग्या, आणि पोटाखाली अंड्यांचा करडा घोस.

"ही इथली नाही. नदीनं वरून आलीय," कोळी तेलुगूत म्हणाला. उदगीरच्या आजोळामुळं मंजुश्रीला तेवढं तेलुगू कळत होतं.

वरून म्हणजे कुठून, याच्या मागं ती लागली. हा झिंगा राहतो नदीच्या गोड्या पाण्यात, पण त्याची पिल्लं खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. म्हणून अंडी धरलेली मादी प्रवाहाबरोबर खाली खाडीत येते. पिल्लं तिथं जन्मतात, जरा मोठी झाली की पुन्हा नदी चढायला लागतात. पूर्वी ती फार वरपर्यंत चढायची. मग जागोजागी धरणं झाली आणि वाट अडली.

सुट्टीला घरी आल्यावर तिनं हे आईला सांगितलं. रत्नम्मा भाकऱ्या थापत होती.

"म्हंजे बाळंतपणाला माहेरी जाती म्हण की," रत्नम्मा म्हणाली.

"हाव, अव्वा."

"आन् मदी भिंत घातली."

"हाव."

रत्नम्मानं भाकरी तव्यावर टाकली आणि तिला पाणी लावलं. मंजुश्रीच्या मनात त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की बसली. झिंग्याला समुद्रापर्यंत जाता येत नसेल, तर समुद्र इकडं आणायचा.

शिक्षण संपलं तेव्हा किनाऱ्यावरच्या एका मोठ्या कोळंबी प्रकल्पात तिला नोकरी मिळत होती. ती नाकारून ती लातूरला परत आली. आधी गोदावरीवरच्या धरणाकाठी विष्णुपुरीला जाऊन तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षा महानंदाबाई यांना भेटली. उन्हानं रापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तळं हाय, जाळी हाय, माणसं हाईत. बीज आणून दे," त्या म्हणाल्या. "पर अर्धं मेलेलं आणू नको. आधी एकजण तसंच गळ्यात मारून गेलाय."

बीज म्हणजे झिंग्याची पिल्लं. ती काढायला जागा हवी होती. वीरण्णांचे धाकटे भाऊ संगमेशकाका यांचा तेलघाणा बरीच वर्षं बंद पडून होता. त्याची पत्र्याची शेड त्यांनी पुतणीला आनंदानं दिली. "पाण्यातल्या जिवांवर संशोधन करायचंय," असं ती म्हणाली होती. काकांना वाटलं, काचेच्या पेटीतले रंगीत मासे असतील.

मंजुश्रीनं किनाऱ्यावरच्या मिठागरातून घट्ट खारं पाणी कॅनमध्ये भरून आणलं. ते गोड्या पाण्यात मिसळून, मापून, पुन्हा मापून तिनं टाक्यांत खाडीसारखं पाणी तयार केलं. खाडीतून आणलेल्या माद्यांनी पिल्लं सोडली. डोळ्यांना जेमतेम दिसतील असे ते काचेरी ठिपके, पाण्यात उलटे, शेपूट पुढं करून पोहणारे. आठवडाभरात सगळे तळाशी जाऊन पडले.

तिनं ते तळातून उपसून काढले. रडायला आलं, पण रडत बसली नाही. एकेक गोष्ट तपासत गेली तेव्हा घोटाळा बोअरच्या पाण्यात निघाला. लातूरचं बोअर म्हणजे भांड्याला पांढरा थर धरणारं जड पाणी. मिसळायचं पाणीच बदलायला हवं होतं. मग तिनं शेडच्या पत्र्याला पन्हळ लावून पावसाचं पाणी धरलं आणि पुन्हा माद्या आणल्या. या वेळी पिल्लं धरली. रोज थोडी वाढताना दिसू लागली.

आणि नेमकं तेव्हाच तालुक्याच्या एका वर्तमानपत्रात बातमी आली, लातुरात खाण्याच्या झिंग्यांची पैदास होणार म्हणून. संगमेशकाका सकाळीच शेडवर आले. आत पाऊल टाकलं नाही.

"मंजू, तू मला जिवांवर संशोधन म्हणालीस."

"जीवच हाईत, काका."

"खायला जाणारे जीव हाईत, ते न्हाई म्हणालीस."

ते खरंच होतं.

"तुझ्यावर राग न्हाई माझा," काका म्हणाले. "पण घाण्याची पूजा होती हितं, माझ्या बापानं मांडलेली. आजच्या आज हलव. उद्या मी लाईट बंद करणार."

डबा घेऊन आलेली रत्नम्मा दारात उभी राहून हे ऐकत होती. दीर निघून गेल्यावर तिनं विचारलं, "हलवली तर जगतील का?"

"माहीत न्हाई, अव्वा. हितं लाईट गेली तर मात्र एकबी जगत न्हाई."

मंजुश्रीनं महानंदाबाईंना फोन लावला. पलीकडून एवढंच आलं, "ये. खोली रिकामी करते."

दुपारी एक छोटा हत्ती टेम्पो दारात लागला. निळ्या ड्रमांत खारं पाणी, पाण्यात पिल्लं, मधोमध बॅटरी आणि तिच्यावर चालणारा हवेचा पंप. पंपातून नळ्या निघून प्रत्येक ड्रममध्ये बुडबुडे सोडत होत्या. मंजुश्री मागं चढली. पाठोपाठ पदर खोचून रत्नम्माही चढली.

"तू कशाला गं?"

"एकलीला पाठवू व्हय? सरक तिकडं."

अहमदपूर मागं पडलं आणि बुडबुडे बारीक होत गेले. मंजुश्रीनं वायर दाबून पाहिली, बॅटरी हलवून पाहिली. पंप कण्हल्यासारखा आवाज करून बंदच पडला. तिनं पत्र्यावर हात आपटून गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं. दुकानदारानं लगेच मोठ्या मशीनची नळी पुढं केली.

"ह्यातली हवा न्हाई चालणार, भाऊ. ऑइल येतं त्यातून, मरतील सगळे. सायकलचा पंप हाय का? नवा असला तर बरं."

नवाकोरा पंप निघाला. तिनं त्याला नळी जोडली, फाटे बसवले आणि दट्ट्या दाबायला लागली. ड्रममध्ये पुन्हा बुडबुडे उठले. गाडी निघाली. पण हिसक्यांत नळ्या ड्रममधून निसटत होत्या. एका हातानं नळ्या धरून दुसऱ्या हातानं पंप मारणं जमेना.

रत्नम्मानं लेकीच्या हातातून पंप काढून घेतला.

"अव्वा, हे कशासाठी हाईत ते तुला ठावं हाय."

"ठावं हाय," रत्नम्मा म्हणाली. "खाणाऱ्याचं खाणारा बघंल. माझ्यासमोर गुदमरून मरायचं न्हाई कुणी."

ती पंप मारायला लागली. दट्ट्या खाली जाताना "शिवा", वर येताना "शिवा". बांगड्या वाजत होत्या, कपाळावरची विभूती घामानं ओघळत होती. लोहा आलं, गेलं. हात भरून आले की मायलेकी जागा बदलायच्या.

दिवस कलताना विष्णुपुरी आली. सोसायटीच्या बायकांनी ड्रम उतरवून घेतले. मंजुश्रीनं आत टॉर्चचा उजेड टाकला. तळाशी मेलेल्या पिल्लांचा पांढुरका गाळ होता, तिसरा हिस्सा तरी गेला असावा. पण वर ठिपके हलत होते, उलटेच, शेपूट पुढं करून.

महानंदाबाईंनी चहा आणला. रत्नम्मानं नुसतं पाणी मागितलं. मासे शिजणाऱ्या घरचा चहा तिला चालणार नाही हे महानंदाबाईंना कळलं, त्यांनी आग्रह केला नाही. रत्नम्माचे हात पाहून त्यांनी कोमट पाण्याची बादली मात्र पुढं सरकवली.

पुढचे काही आठवडे मंजुश्री त्या खोलीतच राहिली. वीज गेली की सोसायटीच्या बायका पाळीपाळीनं पंप मारत. एकदा दुपारी लातूरहून माल घेऊन आलेल्या टेम्पोतून मिठागराच्या पाण्याचे उरलेले कॅन उतरले. संगमेशकाकांनी पाठवले होते. सोबत निरोप काहीच नव्हता.

मग एका सकाळी टाकीच्या भिंतीला काहीतरी चिकटलेलं दिसलं. मंजुश्रीनं वाकून पाहिलं. एक पिल्लू सुलटं झालं होतं. पाय खाली, तोंड पुढं, मोठ्या झिंग्यासारखं चालत होतं. त्याच्या शेजारी दुसरं. तिनं महानंदाबाईंना हाक मारली.

"हे आता मीठ सोडायला तयार हाईत," ती म्हणाली.

महानंदाबाई टाकीवर वाकल्या. "मेलेलं बीज न्हाई हे," त्या म्हणाल्या आणि जाळी विणणाऱ्या बायकांना बोलवायला गेल्या.

रोज थोडं गोडं पाणी घालत टाकीतला खारटपणा उतरवला, आणि पिल्लं सोसायटीच्या तळ्यात सोडली. सगळी वाढली नाहीत. काही बगळ्यांनी खाल्ली, काही माशांनी. पण पुढच्या हंगामात जाळ्यात वीतभर झिंगे आले, आणि त्यांत पोटाखाली करडा घोस धरलेल्या माद्याही होत्या. आता माद्यांसाठी खाडीपर्यंत जायला नको होतं. मंजुश्रीनं त्या वेगळ्या काढल्या आणि खारं पाणी कालवायला घेतलं.

बाकीचे झिंगे बाजारात गेले. ते काम महानंदाबाई बघतात. मंजुश्री स्वतः अजूनही खात नाही. कोणी विचारलं तर तसं सांगते, त्यात लपवायचं काही नाही. संगमेशकाका शेडचा विषय काढत नाहीत, पण सणाला घरी आले की तिच्याशी नीट बोलतात.

रत्नम्मा रोज फोन करते. मोठ्या झिंग्यांचं काय झालं ते ती कधी विचारत नाही. जेवलीस का, एवढं विचारून झालं की तिचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो.

"बारक्यांचं कसं हाय? लाईट हाय ना?"