बाईची नाव विकताना

"विकून टाक भाऊ ते नाव. मले आता नाई पाहिजे."

बाईचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीत घराच्या ओट्यावर बसून मोटारसायकलचा प्लग घासत होतो. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मी कितीतरी वर्षं थांबलो होतो. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, महिनाभरात नाव जाईल आणि बाईचा दुखरा खांदाही सुटेल. त्या एका वाक्यापायी पुढे वर्षभर माझं डोकं फिरणार आहे, हे तेव्हा कळलं असतं तर मी फोनच उचलला नसता.

बाईचं गाव गोंडपिपरीकडून आत, वैनगंगेच्या चंद्रपूरकडच्या काठावर. समोरचा काठ गडचिरोली जिल्ह्याचा. आमच्या घराण्यात नावाडी कोणी नव्हतं. भाऊजींनी घाटाचा ठेका घेतला, लोखंडी पत्र्याची लांबरुंद नाव बांधून घेतली आणि तिला एका सिलिंडरचं डिझेल इंजिन लावायचं ठरवलं. शेतात पाणी ओढायला असतं तसलं. ते मी बसवून दिलं. मी बस डेपोत मेकॅनिक होतो, सुट्टीच्या दिवशी तिकडे जायचो. भाऊजी गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता नाव विकतील. बाईनं पदर खोचला आणि स्वतः सुकाणू धरलं. मोटारसायकली, शेळ्या, धानाची पोती, पलीकडच्या शाळेचे गुरुजी, नर्सबाई, सगळ्यांना तिनं वर्षानुवर्षं ऐलतीर-पैलतीर केलं.

मग दूर खालच्या अंगाला पूल झाला आणि गाड्यावाले तिकडून जायला लागले. पण पेट्रोल महाग होत गेलं तसे तेच लोक परत घाटावर यायला लागले, कारण पुलाचा फेरा परवडेना. मला वाटलं, बाईचे दिवस फिरले. पण पेट्रोल वाढलं तसं डिझेलही वाढलं होतं. बाईनं भाडं थोडं वाढवलं आणि भर नदीत भांडण झालं. एक गुरुजी म्हणाले, "पेट्रोल परवडत नाई म्हणून तं तुमच्या नावेत बसून राह्यलो, अन् तुमी बी वाढवून राह्यल्या!" बाकीच्यांनी त्यांचीच री ओढली. बाईनं जुनंच भाडं घेतलं, नाव काठाला लावली आणि मला फोन केला.

मी नावेचे चार बाजूंनी फोटो काढले आणि मोबाइलवर माझे जेवढे ग्रुप होते तेवढ्यांत टाकले. फोन यायला लागले. पहिला प्रश्न प्रत्येकाचा एकच.

"डिझेल किती पिते?"

मी खरं सांगायचो. समोरचा म्हणायचा, "सांगतो विचार करून." एकानं विचारलं, ॲव्हरेज किती देते. मी म्हटलं, नदीवर किलोमीटरचे दगड नसतात भाऊ. दुसऱ्याला ती बॅटरीवर करून हवी होती. एका भंगारवाल्यानं किलोचा भाव सांगितला आणि मी नाही म्हटल्यावरही दर आठवड्याला फोन करत राहिला. बायको म्हणाली, "तुमचा आवाज कसा होऊन राह्यला, पाहा. फोनवर कोणाशी बी भांडल्यासारखे बोलता."

पहिलं खरं गिऱ्हाईक मूलकडचं आलं. राइस मिलवाला. शेतातल्या तळ्यात पर्यटकांसाठी नाव सोडायची म्हणत होता. पांढऱ्या गाडीतून बायको आणि मेव्हण्यांसह उतरला. बाईनं चहा केला. मिलवाल्याची बायको म्हणाली, एक चक्कर मारून दाखवा ना. मी बाईकडे पाहून मान हलवली, की इथल्या इथेच फिरव. बाई त्यांना पार मधल्या धारेपर्यंत घेऊन गेली, तिथून वरच्या बेटाला वळसा घातला आणि सगळ्यांचे फोटो काढून होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. परत आल्यावर मिलवाला हात जोडून म्हणाला, "मजा आली बाई," आणि गेला. नंतर त्यानं माझा फोन कधी उचलला नाही.

"एवढ्या दूर काऊन नेलं?" मी विचारलं. "त्याले नाव घ्यायचीच नव्हती. सहलीले आला होता तो."

"पाहुणे होते ना," बाई म्हणाली.

त्यानंतर एक जण आला, त्यानं भावाची घासाघीससुद्धा केली नाही. मी सांगितला तो भाव मान्य केला, दोन दिवसांत रोख देतो म्हणाला. मी इतका खूश झालो की नाव कशासाठी पाहिजे हे विचारायचं राहून गेलं. बाईनं विचारलं.

"घाटाचं काम हाय."

"कोणतं काम?"

तो इकडेतिकडे पाहायला लागला. त्याच्याबरोबरचा माणूस म्हणाला, रेती काढायची, बाई, पाण्यातून. पंप बसवायचा नावेवर.

बाई उठून उभी राहिली. "नाई देत."

ते गेल्यावर मी बाईवर इतका चिडलो की शेजारचे लोक बाहेर आले. तुला विकायची आहे की नाही? मी काय बसचे पैसे घालून तमाशा पाहायला येतो का? असा भाव परत मिळणार आहे का? बाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती, हात थांबला नाही तिचा.

"घाटावर उतरायची जागा कोणी खाल्ली, ठाऊक हाय ना तुले?" ती म्हणाली. "रातोरात रेती नेली, खड्डा केला. मांगच्या साली एक बाई पोरगं घेऊन उतरली तं गळ्यापर्यंत गेली. मीनं केस धरून वर काढली तिले. आता माह्याच नावेनं अजून खड्डे करू का?"

"तू नाई दिली तं तो दुसरी घेईन."

"घेवो ना दुसरी."

मी जेवलो नाही. तसाच निघालो. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, त्याखाली भाऊजींचा. निघताना त्यांच्याकडेही मी रागानंच पाहिलं. बसमध्ये पोटात कावळे ओरडत होते आणि मी मनातल्या मनात बाईशी भांडत होतो. ती चुकीचं बोलली असती तर बरं झालं असतं. मग नीट भांडता आलं असतं.

सिरोंच्याकडचे दोघे भाऊ आले तेव्हा मात्र मला वाटलं, आता काम झालं. प्राणहितेवर मासळीचा धंदा करत होते. आपसांत तेलुगू, आमच्याशी हिंदी-मराठीची खिचडी. त्यांनी फोटो काढले नाहीत. थोरला काठावर ओढून टेकवलेल्या नावेखाली पाठीवर सरकत गेला, बोटानं पत्रा ठोकून पाहिला. धाकट्यानं इंजिनला हँडल मारलं आणि डोळे मिटून आवाज ऐकला. माझ्यासारखाच माणूस होता तो. मला त्याचं कौतुक वाटलं.

"इंजिन अच्छा रखा अन्ना," तो म्हणाला. "कोण पाहते?"

"मी."

त्यानं माझा हात हातात घेतला. भाव ठरला, बयाणा दिला, होळीनंतर ट्रक घेऊन येतो म्हणाले. मी घरी जाताना पेढे नेले.

होळी झाली. डिझेल परत वाढलं. थोरल्याचा फोन आला, ट्रकवाला आता दुप्पट मागतो, नेण्याचा खर्च तुम्ही करा. मी म्हटलं, ठरलं तसं ठरलं. पुन्हा फोन, मग निम्मा तरी. मी बाईला न विचारता निम्म्याला हो म्हटलं. त्यानंतर काही दिवस फोनच नाही. मीच केला तर धाकटा बोलला, आवाज पडलेला. "अन्ना, हिशेब बसेना. नाव घेऊ, पण चालवू कशानं? मासळी विकून जे येते ते टाकीत जाते. माफ करा."

मी म्हटलं, ठीक आहे, निदान बयाणा तरी राहिला. सौदा मोडणाऱ्याचा बयाणा बुडतो, ही रीत सगळीकडची. पुढच्या रविवारी बाईकडे गेलो तर कळलं, तिनं गावातल्या एकाकडून तो परत पाठवूनही दिला होता.

"पूर्ण?"

"मंग अर्धा पाठवते का?"

"बाई, रीत असते!"

"डिझेलचा भाव त्याईनं वाढवला का? त्याईले तं नाव पाहिजेच होती."

मी नदीकडे निघून गेलो. उन्हाळा लागला होता, धार आटून पलीकडच्या काठाला गेली होती आणि नाव कोरड्या रेतीवर एका कुशीला कलंडली होती. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी पत्र्याचा गंज खरडायला लागलो. घाम डोळ्यांत जात होता. मी राइस मिलवाल्याला शिव्या दिल्या, ट्रकवाल्याला दिल्या, पंपावर रोज आकडे बदलणाऱ्यांना दिल्या, आणि या सगळ्यांत बाईला देता येत नव्हत्या म्हणून आणखी जोरानं खरडत राहिलो.

"जोहार भाऊ. हे विकून राह्यले म्हणते तुमी?"

मागे एक म्हातारा उभा होता. पलीकडून धारेतून चालत आला होता, धोतर गुडघ्यावर, खांद्यावर मोहफुलांचं गाठोडं. समोरच्या काठाला जंगलातून एक लहान नदी येऊन मिळते, तिच्या वरच्या अंगाचं त्याचं गाव. तो त्या गावाचा भूमिया, म्हणजे पूजापाठ आणि न्यायनिवाडा पाहणारा जाणता माणूस. बाईला ओळखत होता. तिच्या नावेतून बाजाराला यायचा.

मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "डिझेल लय पिते."

"इंजिन नाई पाहिजे आमाले."

"मंग चालवान कशी?"

त्यानं दोन्ही हात पुढे करून हवेत दोर ओढून दाखवला. पावसाळ्यात ती लहान नदी गावाला पार तोडून टाकते. आजारी माणूस, बाळंतीण गावात अडकतात, रेशन अलीकडे. दोन झाडांना आडवा दोर बांधायचा, नाव त्याला कडीनं अडकवायची आणि हातानं ओढत जायचं. नदी रुंद नाही, जमते, म्हणाला. त्यांच्याकडे लाकडी डोंगा होता, तो कुजला.

मला हसू आलं नाही. मला चीडच आली. नाव विकायची तर इंजिनासकट. नुसत्या इंजिनाला कोण विचारणार? आणि भाव अर्ध्यावर येणार. मी म्हटलं, बघू. तो बाईकडे गेला आणि बाईनं मला न विचारता हो म्हणून टाकलं.

तेवढ्यानं संपलं असतं तरी बरं. पण ग्रामसभेनं घ्यायची, म्हणजे सगळ्या गावानं हो म्हणायचं. पहिल्या सभेत दोन घरांनी नाही म्हटलं. दुसरी सभा लग्नामुळे झाली नाही. तिसरीत सगळे कबूल झाले, पण पैसे तेंदूपत्त्याचे आल्यावर देणार. मी बाईला म्हणायचो, लिहून तरी घे काही. ती म्हणायची, "ते लोक कुठी पळून राह्यले? त्याईचं गाव तिथीच हाय."

पत्त्याचे पैसे आले, त्यांनी आणून दिले. मी एका दिवसात इंजिन उतरवलं. बोल्ट गंजून बसले होते, एक तर कापावाच लागला. पाण्यातल्या पंख्याचा दांडा जात होता ते भोक वेल्डिंगनं बंद केलं. भाऊजी आणि मी ते भोक पाडलं तेव्हा दिवसभर हसत होतो, कारण पहिल्यांदा चुकीच्या जागी पाडलं होतं. ते जुनं चुकीचं भोक शेजारीच दिसत होतं, वर ठिगळ मारलेलं. मी वेल्डिंग थांबवून त्या ठिगळावरून हात फिरवला. मग परत पेटवलं.

पाणी चढल्यावर गावचे लोक आले आणि लांब बांबू टेकवत नाव उलट्या धारेनं घेऊन गेले. ट्रक नाही, ट्रॉली नाही. बाई काठावर उभी होती. रडली नाही. "मागचं इंजिन गेलं, समोरून जड झाली रे," एवढंच ओरडली.

इंजिन माझ्या ओट्यावर आलं. ताडपत्री टाकून ठेवलं. बायकोला कपडे वाळवायला जागा उरली नाही आणि ती मला ते रोज सांगायची. शेवटी एका वीटभट्टीवाल्यानं ते नेलं, मला पाहिजे होतं त्याहून खूपच कमीत. नेताना तोही म्हणाला, डिझेल किती पिते. मी ताडपत्रीची घडी घातली.

त्याच पावसाळ्यात एकदा भूमियानं निरोप पाठवला की दोराची कडी सैल झाली, येऊन पाहता का. बाई म्हणाली, मीपण येते. मोटारसायकलवर तिला मागे बसवून पुलाच्या फेऱ्यानं गेलो. अर्ध्या वाटेत टाकी भरावी लागली आणि माझं तोंड पुन्हा कडू झालं. मी मनात सगळा जमाखर्च उगाळत होतो. रेतीवाल्यानं काय दिलं असतं, सिरोंच्याच्या भावांनी काय दिलं असतं.

कडी नीट करायला फार वेळ लागला नाही. मग नाव एकदा पलीकडे नेऊन पाहायची होती. भूमिया म्हणाला, "वढा भाऊ दोर." मी ओढायला लागलो. पाणी गढूळ होतं, जोराचं होतं, दोर ओला होता आणि हाताची कातडी सोलत होती. इंजिनाचा आवाज नव्हता, त्यामुळे नावेतली सगळी बोलणी ऐकू येत होती. एक बाई कडेवरच्या लेकराला गोंडीत काही समजावत होती. मी दमलो तेव्हा एका तरण्या बाईनं माझ्या हातातून दोर घेतला.

आणि माझी बहीण नावेच्या टोकाशी उभी राहून एका माणसाला झापत होती. "तांदळाचं पोतं तिथी काऊन ठेवलं? मधात घे. मधात! एका बाजूले कलते ना हे."

"बाई," मी म्हटलं, "आता तुही नाव नाई हाय हे."

"मंग का झालं?" ती म्हणाली, आणि त्या माणसानं निमूटपणे पोतं उचलून मधे ठेवलं.